माश्यांची बेगमी

हिवाळ्यात कराडला सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे मिशिगनमध्ये आदल्या रात्रीचे साडेनऊ झालेले असतात. आईचा चहा झालेला असतो, आमची जेवणं. तेवढ्यात तिचा फोन येतो.

"काय करतोयस?"

"माश्या बांधतोय."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "बाहेर बर्फ आहे ना? मग माश्या कुठल्या?"

"खऱ्या नाहीत गं. पिसांच्या. ट्राउट धरायला."

"असं होय," आई म्हणाली. "म्हणजे माश्या मारतोयस म्हण ना सरळ."

या विषयावर आमच्या घरात जे काही बोललं जातं ते या एका वाक्यात आलं. मराठीत रिकामटेकड्या माणसाला एकच उद्योग नेमून दिलेला आहे. आता त्याने माश्या मारण्याऐवजी बनवायला घेतल्या, तर त्याला काय म्हणावं याची सोय भाषेने ठेवलेली नाही. त्यात मासा आणि माशी हे शब्द इतके जवळचे, की रविवारच्या मराठी शाळेत जाणाऱ्या माझ्या मुलीने एकदा गृहपाठात 'माशाची बायको माशी' असं लिहून दिलं होतं. बाईंनी तांबडी रेघ मारली. मला मात्र त्या उत्तरात तथ्य वाटलं. मासा वर येतो तो तिच्याचसाठी, आणि बहुतेक वेळा फसतो.

ज्यांनी लहानपणी कृष्णा-कोयनेच्या काठाला बांबूची काठी, दोरा, गळ आणि कणकेची गोळी एवढ्यावर मासे धरले, त्यांना हा प्रकार समजावून सांगणं अवघड जातं. ट्राउट हा थंड, वाहत्या, स्वच्छ पाण्यातला मासा. नदीवर कीटक निघायला लागले की तो वर येऊन पाण्याच्या पृष्ठावरून ते टिपतो. खऱ्या कीटकाला गळ टोचून टाकावा तर त्याचा चुथडा होतो. म्हणून गळालाच दोऱ्याने पिसं, लव, लोकर बांधून कीटकाचं सोंग द्यायचं. खाण्यासारखं त्यात काहीच नाही. हा शोध कुणा इंग्रज लॉर्डाचाही नाही. इसवी सन २०० च्या सुमारास ईलियन नावाच्या लेखकाने मॅसिडोनियातल्या एका नदीवरची हकिकत लिहून ठेवली आहे: तिथले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालची मेणाच्या रंगाची दोन पिसं जोडतात. अठराशे वर्षांनंतर माझ्या टेबलावर जे पडलं आहे त्यात तांबडी लोकर आहे, कोंबड्याची पिसं आहेत आणि मेणही आहे. वाढला आहे तो फक्त विजेचा दिवा आणि माझा चष्म्याचा नंबर.

हे काम हिवाळ्यातच का, हे इथला एक जानेवारी काढल्याशिवाय कळत नाही. डेट्रॉइटच्या आसपास त्या महिन्यात संध्याकाळी सव्वापाचला अंधार पडतो. नदी तीन तासांवर, उत्तरेला. काठाला बर्फ आणि मासे खोल डोहात निपचित. ट्राउटचा हंगाम इकडे परंपरेने एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी उघडतो. मधल्या चार-पाच महिन्यांत माणसाने करायचं काय? बर्फ लोटायचा, कर भरायचा कागद शोधायचा आणि माश्या बांधायच्या. आमच्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत घालायचे ते पावसाळ्याची बेगमी म्हणून. इथे हिवाळ्यात उन्हाळ्याची बेगमी होते, एवढाच उलटा प्रकार. गच्चीवर कावळे हाकलायला आम्हा पोरांना बसवायचे. इथे पिसं असलेलं सगळं मीच घरात आणून ठेवलेलं असल्यामुळे कोण कुणाला हाकलणार?

मला हे शिकवलं ते शेजारच्या गावातल्या एका निवृत्त कारागिराने. मोटारींच्या कारखान्यासाठी साचे बनवण्यात त्याची सगळी नोकरी गेली. बोटं केळ्यांच्या घडासारखी, आणि त्या बोटांनी तो तांदळाच्या दाण्याएवढ्या गळावर पंख बसवायचा. त्याने टेबलाला पहिल्यांदा ते छोटं यंत्र आवळलं, त्याच्या जबड्यात गळ धरला, आणि माझ्या तोंडून निघालं, "शेगडा!" माझे वडील फिटर होते. त्यांच्या वर्कशॉपमधला शेगडा इतका जड, की आम्ही त्यावर बसत असू. हा खिशात मावणारा होता, पण आवळताना तोच करकर आवाज. तेवढ्या आवाजावर मी त्या कामाचा झालो. गुरूने पुढे जे सांगितलं ते बहुतेक एकाच वाक्यात मावतं: घेतलंयस त्याच्या निम्मं काढून टाक. पिसं निम्मी, लव निम्मी, दोऱ्याचे वेढे निम्मे. नवशिक्याची माशी नेहमी गुटगुटीत होते. माझ्या पहिल्या माश्या तर बाळंतिणीचे लाडू खाऊन आल्यासारख्या दिसत. गुरूने त्या तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिल्या आणि विचारलं, "हे उडतं, की चालत येतं?"

गळांच्या मापातही एक विनोद आहे. आकडा जितका मोठा, गळ तितका लहान. १० नंबरचा धडधडीत दिसतो, १६ चा बोटावर ठेवला तर सापडतो, आणि २२ चा गालिच्यावर पडला तर तो फक्त अनवाणी माणसालाच सापडतो. आमच्या घरी तो नेहमी माझ्या बायकोला सापडतो. माशी शिंकते ती अशी.

आता सामानाविषयी. या छंदाची जाहिरात सगळेजण 'पैसे वाचतात' अशी करतात. दुकानात एक माशी दोन-तीन डॉलरला मिळते आणि घरी बांधली तर काही सेंट, हा हिशेब कागदावर खरा आहे. माझ्या बायकोने तो एक्सेलमध्ये घातला. आजवर घेतलेलं सामान भागिले आजवर बांधलेल्या माश्या, असं केल्यावर माझी एक माशी किती डॉलरला पडते तो आकडा मी इथे देत नाही. त्या किमतीत कराडला चांगलं मटणाचं ताट येतं, दोन माणसांचं.

कोंबड्याचं म्हणाल तर माशीसाठी लागतो तो कोंबडा निराळाच. मानेवरचं पीस लांब, अरुंद, लवचिक आणि ताठ केसांचं हवं, म्हणजे ते गळाभोवती गुंडाळलं की केस चहूकडे उभे राहतात आणि त्या केसांच्या टोकांवर माशी पाण्यावर तरंगते. अमेरिकेत पिढ्यान्‌पिढ्या केवळ पिसांसाठी कोंबड्यांची पैदास करणारे लोक आहेत. चांगल्या मानेची किंमत शंभर डॉलरच्या घरात जाऊ शकते. २०११ च्या सुमारास इकडच्या पोरींत हीच लांब पट्टेरी पिसं केसांत माळायची टूम निघाली आणि मासेमारीच्या दुकानांतली पिसं रातोरात केशकर्तनालयांत गेली. पन्नाशी-साठीचे रांगडे मच्छीमार ब्युटी पार्लरच्या दारात चौकशी करताना दिसत. त्यातला एक मी. आत जाऊन म्हणालो, पीस हवंय. त्या मुलीने माझ्या डोक्याकडे पाहिलं, तिथे उरलेलं क्षेत्रफळ मोजलं, आणि अतिशय सौजन्याने विचारलं, "कुठे लावायचंय?"

या सगळ्या मालाला कसर लागू नये म्हणून नवीन आणलेली कातडी काही दिवस फ्रीझरमध्ये ठेवावी लागते. आमच्या फ्रीझरमध्ये त्यामुळे ओल्या नारळाचा चव, कढीपत्ता, पुरणाचे गोळे आणि एक आख्खी कोंबड्याची मान असे शेजारी नांदतात. सशाच्या तोंडाची कातडी, कानांसकट, ही फार जुन्या आणि फार उपयोगी माशीची सामग्री. सशाच्या कानाजवळची राठ लव दोऱ्यावर वळली की पाण्यातल्या किड्याचं अंग हुबेहूब तयार होतं. ते तोंड मी एका मार्गशीर्षातल्या गुरुवारी कापूर-उदबत्तीच्या खणात ठेवलं होतं. कसर लागू नये, हाच हेतू. घट मांडायच्या वेळी बायकोने खण उघडला. पुढचा भाग मी गाळतो.

सगळ्यांत जास्त बांधतो ती अ‍ॅडम्स. ही इथलीच लेक. मिशिगनमधल्या मेफील्डच्या लेन हॅलडे नावाच्या माणसाने १९२२ साली ती पहिल्यांदा बांधली आणि ओहायोहून आलेल्या चार्ल्स अ‍ॅडम्स या वकील मित्राला दिली. वकिलाने ती बोर्डमन नदीत वापरली, भरपूर मासे धरले, आणि माशीला नाव वकिलाचं लागलं, बांधणाऱ्याचं नाही. हे वकिलांच्या बाबतीत होतंच. अ‍ॅडम्सचं अंग मस्करॅट नावाच्या जनावराच्या करड्या लवेचं, भोवती दोन कोंबड्यांची पिसं मिसळून, एक तांबूस आणि एक काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं, आणि पंख त्या पट्टेरी पिसांच्या टोकांचे. गंमत अशी, की ही माशी नेमकी कोणत्याही एका कीटकासारखी दिसत नाही, म्हणून ती सगळ्यांसारखी दिसते. एखाद्या लग्नात 'हे कोण?' विचारल्यावर मुलीकडचे म्हणतात मुलाकडचे आणि मुलाकडचे म्हणतात मुलीकडचे, आणि तो गृहस्थ दोन्हीकडे जेवून जातो, तशातली.

याउलट काही लोक हुबेहूबपणाच्या मागे लागतात. आपल्याकडे 'मक्षिकास्थाने मक्षिका' म्हणतात. मूळ पोथीत माशी चिकटून मेलेली होती म्हणून नक्कल करणाऱ्याने आपल्या पोथीतही त्याच जागी एक माशी मारून चिकटवली. हे सद्गृहस्थ त्याच घराण्यातले. सहा पाय, सहाही पायांना गुडघे, डोळे, मिशा. अशी माशी काचेच्या कपाटात शोभते. ट्राउटला तिचं काही वाटत नाही. त्याला दिसतो तो खालून, हलत्या पाण्यातून, अर्ध्या सेकंदाचा ठिपका. दोन-चार माशांनी चावून पिसं विस्कटलेली, अंगाची लव सुटलेली अ‍ॅडम्स नवीकोरीपेक्षा जास्त चालते, हा माझा अनुभव. पण म्हणून हिवाळ्यात मुद्दाम विस्कटलेली माशी बांधावी म्हटलं तर ती जमत नाही. नुसती वाईट होते.

खऱ्या कीटकाची तर गोष्टच वेगळी. मेफ्लाय म्हणून जो आहे, तो बहुतेक आयुष्य नदीच्या तळाशी काढतो. त्यातला हेक्स नावाचा मोठा पिवळसर प्रकार गाळात बीळ करून साधारण दोन वर्षं राहतो. मग जूनच्या अखेरीस एका संध्याकाळी पृष्ठावर येतो, पंख फुटतात, आणि पुढचं सगळं एक-दोन दिवसांत आटपतं. मोठेपणी त्याला खाण्याजोगं तोंडच नसतं. म्हणजे लग्न आहे, वऱ्हाड आहे, आणि पंगत नाही. वऱ्हाड एवढं, की एरी सरोवरावरून उठलेले थवे हवामानाच्या रडारवर ढगांसारखे दिसतात. आणि अशा एका रात्रीच्या पाहुण्यासाठी मी फेब्रुवारीत तीन-तीन संध्याकाळी घालवतो.

मोरपिसाविषयी मात्र मला गप्प राहवत नाही. मोरपिसाच्या देठाला जे बारीक हिरवे-तांबूस केस असतात ते गळाभोवती गुंडाळले की पाण्यात जिवंत वाटतात. शेकडो माश्यांत ते आहेत. ट्राउट अनलिमिटेड ही नद्या जपणारी संस्था १९५९ साली इथल्याच ऑ साबल नदीकाठी सुरू झाली. तिच्या संस्थापकांतल्या जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाची चिमुकली माशी म्हणजे एक मोरकेस आणि एक कोंबडपीस, बस्स. मोरपिसाची ती चकाकी म्हणजे मुळात रंगच नाही. केसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश उलटतो तेव्हा तो रंग दिसतो, म्हणून तो विटतही नाही. चौथीत माझ्या भूगोलाच्या पुस्तकात मोरपीस होतं. त्याला पिल्लू व्हावं म्हणून मी पेन्सिलीचा भुगा घालत असे. झालं नाही. आता अमेरिकेत पाळलेल्या मोरांची पिसं पाकिटातून विकत घेतो, आणि एका पिसाच्या तीस-चाळीस माश्या होतात. उशिरा का होईना, पिल्लं झाली. आईने हौसेने विचारलं होतं, "येताना गावाकडची मोरपिसं आणू का?" मी फोनवरच ओरडलो. भारतातून ती बाहेर न्यायला बंदी आहे, आणि माझ्या आईला विमानतळावर मोरपिसासाठी अडवलेलं मला चालणार नाही. कृष्णाची गोष्ट वेगळी, त्याला कस्टम नव्हतं.

आपल्या सह्याद्रीचा एक रहिवासी तर या धंद्यात फार वर गेलेला आहे. कोयनेच्या जंगलात पहाटे ज्याची अडखळती बांग ऐकू येते तो राखी रानकोंबडा. त्याच्या मानेवरच्या पिसांना टोकाशी मेणाचे थेंब सांडल्यासारखे पांढरे-पिवळे ठिपके असतात. व्हिक्टोरिया राणीच्या काळात सामन माशासाठी ज्या भपकेबाज माश्या बांधत, त्यांच्यातल्या कित्येकांच्या गालावर हा ठिपका असायचा. आज आपल्याकडे रानकोंबड्याला कायद्याचं संरक्षण आहे आणि बाजारात येतात ती परदेशात पिंजऱ्यात वाढवलेल्या कोंबड्यांची पिसं. म्हणजे यांच्याही तिकडे पिढ्या झाल्या. बांग कोणत्या उच्चारात देतात, ते कळायला पाहिजे.

त्या सामन-माश्यांचं वेड मात्र मला झेपत नाही. त्यात 'इंडियन क्रो' नावाचं एक तांबडं-नारिंगी पीस लागतं. तो पक्षी भारतातला नाही, दक्षिण अमेरिकेतला आहे, आणि कावळाही नाही. अशा पिसांपायी २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून एका तरुण बासरीवादकाने पक्ष्यांची २९९ कातडी बॅगेत भरून पळवली. त्यातली काही आल्फ्रेड रसेल वॉलेसने गोळा केलेली होती. आणि हे सगळं कशासाठी, तर बहुतेक कधीच पाण्यात न जाणाऱ्या माश्यांसाठी. मला मस्करॅट पुरतो.

पण पाण्यात न जाण्याचाही एक सरळ, गोड प्रकार आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ब्रोरा गावाजवळ मेगन बॉइड नावाच्या बाई एका साध्या झोपडीवजा घरात खिडकीच्या उजेडाला बसून आयुष्यभर सामन-माश्या बांधत. इतक्या देखण्या, की दूरदूरचे लोक त्यासाठी थांबून राहत. बाईंनी स्वतः मासेमारी केली नाही. १९७१ साली राणीने त्यांना पदक जाहीर केलं, तर बाईंनी कळवलं, की त्या दिवशी कुत्र्याकडे बघायला कोणी नाही, येता येणार नाही. ही गोष्ट मी आईला सांगितली. ती लगेच म्हणाली, "बरोबर आहे तिचं. मुक्या जनावराला कुठे टाकणार?"

आई इकडे आली ती दोन हिवाळ्यांमागे, वडील गेल्यानंतर. नोव्हेंबर ते एप्रिल. सोबत सांगलीची हळद, दोन किलो मेतकूट आणि निवडलेल्या कापसाचा उशीएवढा पुडा. तिच्या आईने एका चातुर्मासात लाख वाती केल्या होत्या. आईचा संकल्प तेवढा नव्हता, पण हात रिकामा ठेवायची सवय नव्हती. त्यामुळे रात्री जेवणं झाली की टेबलाच्या एका बाजूला मी, शेगडा, दिवा, आणि दुसऱ्या बाजूला ती, ताटली आणि कापूस.

पहिले चार दिवस तिने माझ्याकडे नुसतं पाहिलं. पाचव्या दिवशी मी मेणवलेल्या दोऱ्यावर लव वळत होतो. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये दोरा धरून, लवेचा चिमटीभर पुंजका त्याच्यावर एकाच दिशेने पीळ देत बसवायचा असतो. जास्त घेतला तर सुटतो, दोन्हीकडे वळवला तर सुटतो. माझा सुटला.

"वात आहे ही," आई म्हणाली.

"अं?"

"वातच की. तू मेण लावतोस, आम्ही भस्माचं बोट लावतो. आणि केवढा घेतलायस! निम्मा काढ."

गुरूने पाच वर्षांत जे इंग्रजीत सांगितलं ते आईने टेबलापलीकडून, चष्मा न लावता, फुकट सांगितलं. मी पुंजका निम्मा केला. पुन्हा सुटला. तिसऱ्यांदा सुटल्यावर तिने हात पुढे केला.

"कसली आहे ही लव?"

खोटं बोलावं की काय, असं क्षणभर वाटलं. "पाण्यातल्या उंदराची."

तिने डोळे मिटले, दोरा धरला आणि एका दमात बोटभर लांबीचा असा एकसारखा, निमुळता पीळ घातला की गुरूने टोपी काढली असती. मग उठून साबणाने दोनदा हात धुतले आणि परत कापसाला बसली. त्यानंतर लव वळायचं काम हळूहळू तिच्याकडे गेलं. बदल्यात एकच अट: गुरुवारी आणि एकादशीला उंदीर नाही, लोकर.

कलाबतूही तिनेच आणलं. माशीच्या अंगावर सोनेरी तारेचे वेढे द्यावे लागतात, त्याची रिळं दुकानात मिळतात. ते रीळ पाहून ती म्हणाली, "हे तर कलाबतू," आणि आपल्या बॅगेतून एक फाटका जरीकाठ काढला, आजीच्या लुगड्याचा. बोहारणीला न दिलेला. तो तिने साठ वर्षं का ठेवला असावा, हे मी विचारलं नाही. उसवून निघालेली तार मी अकरा माश्यांना वापरली. गुरूला एक दिली, तर त्याने ती उजेडात धरून विचारलं, हे कुठल्या कंपनीचं? मी म्हटलं, बंद पडली.

टेबलावर रोज एक हिशेब चाले. "किती झाल्या?" ती विचारायची. माझ्या सात, तिच्या तीनशे. ती सात या आकड्याबद्दल काही बोलत नसे, आणि ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. कधी माशाविषयी चौकशी.

"तो ही माशी खातो?"

"नाही. तोंडात घेतो, कळलं की थुंकतो. तेवढ्यात आपण ओढायचं."

"म्हणजे फसवायचं."

"हो."

"आणि मग?"

"मग सोडून द्यायचा. पाण्यात."

वातींचा हात थांबला. "मग जातोस कशाला?"

उत्तर द्यायचं टाळून मी तिला ब्राउन ट्राउटची गोष्ट सांगितली. हा मासा मुळात इथला नाही. १८८३ साली त्याची अंडी जर्मनीहून बोटीने न्यूयॉर्कला आली, आणि पुढच्याच वर्षी पिल्लं मिशिगनच्या एका नदीत सोडली. इथला मूळचा ग्रेलिंग मासा मात्र जंगलं तोडून, नद्यांतून ओंडके वाहून, आणि लोकांनी बेसुमार पकडून संपला. ज्या गावात आम्ही मासेमारीला जातो त्या गावाचं नाव अजून ग्रेलिंग आहे. स्थानिक लोक सुरुवातीला ब्राउनवर खट्टू होते, हा लबाड आहे, सहजी हाती लागत नाही म्हणून. आता तोच नदीचा मानकरी.

"ब्राउन म्हणजे तपकिरी ना?" आई म्हणाली. "बाहेरून आलेला, सावध, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तुमच्यातलाच आहे की."

तरंगणाऱ्या माशीला पाणी लागू नये म्हणून सिलिकॉनचं मलम लावतात, ते पाहून तिने एकच सल्ला दिला होता: "तूप लाव." मी हसलो होतो.

त्या एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी मी पहाटे साडेचारला निघालो. अंधारात आवाज न करता टेबलावरचा माश्यांचा डबा उचलून जाकिटात टाकला. ग्रेलिंगजवळ ऑ साबलचा जो पट्टा आहे, जिथे फक्त माश्यांनीच मासेमारी करायची मुभा आहे, त्याला लोक 'होली वॉटर' म्हणतात. आईला मी ते 'तीर्थ' असं भाषांतर करून सांगितलं होतं, आणि ते तिला पटलं नव्हतं. पाणी बर्फासारखं. कमरेपर्यंतचे रबरी बूट चढवून मी आत शिरलो. टोपीला मागच्या वर्षीची एक चावून विस्कटलेली अ‍ॅडम्स अडकलेली होती, तीच बांधली. नवा डबा कीटक निघाले की उघडायचा, असं ठरवलं होतं. त्यासाठीच तर हिवाळा घालवला होता.

दुपारी दोनच्या सुमारास हेन्ड्रिक्सन नावाच्या मेफ्लाय निघाल्या. आधी एक, मग दहा, मग नदीभर. आणि पाण्यावर जागोजागी वर्तुळं उमटायला लागली. समोर, देवदाराच्या झुकलेल्या फांदीखाली, एक मोठा ब्राउन अगदी ठरावीक वेळाने वर येत होता. मी पहिलीच फेक फांदीत घातली. अ‍ॅडम्स तिथे अडकली, दोरा तुटला. हरकत नाही. मी डबा काढला.

त्याच वेळी खिशातला फोन थरथरला. त्या भागात रेंज येते ती अशीच, झुळुकीसारखी. सकाळी नऊला पाठवलेला बायकोचा निरोप होता. सोबत फोटो: देवघर, निरांजन, आणि शेजारी उघडा डबा. त्यात ओळीने माझ्या अ‍ॅडम्स, हेन्ड्रिक्सन, दहा कलाबतूवाल्या. खाली लिहिलं होतं, 'आई विचारतायत, यातली कुठली माशी देवापुढे लावायची?'

मी हातातला डबा उघडला. फुलवाती. पांढऱ्याशुभ्र, एकाच मापाच्या, देठाला एकसारखा पीळ दिलेल्या. तुपात भिजवलेल्या असत्या तर निदान तरंगल्या असत्या.

मी काठावर येऊन एका ओंडक्यावर बसलो. समोर तो ब्राउन जेवत होता. घाई नव्हती, म्हणून मोजायला लागलो. तीनशे पाच भरल्या. मोजण्यात चूक झाली असेल म्हणून आई नेहमी पाच जास्त घालते.